साडेआठची कमान

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. कारागीर परीक्षेच्या निकालपत्रावर, सातव्या क्रमांकासमोर, स्वतःच्या हातच्या निळ्या शाईत ‘कमानीची निवड चुकीची, नमुना निकामी’ असं लिहिलंत. लिहिताना तुम्हाला पक्कं ठाऊक होतं की हे खोटं आहे. मी त्या खोलीत होतो. तुमच्यापासून चार हातांवर, खिडकीखालच्या स्टुलावर, मांडीवर सुट्या भागांचा खोका घेऊन बसलो होतो. तुम्ही मला बघितलंही नसेल. सामान आणून देणाऱ्या माणसाकडे कोण बघतं?

तीन महिन्यांपूर्वी अर्ज दिला. पोच मिळाली, उत्तर नाही. मग स्मरणपत्र दिलं. त्याचीही पोच मिळाली. पोच द्यायला तुमचं कार्यालय फार तत्पर. म्हणून आता हे सगळ्यांच्या देखत लिहितो. मी शाळेत सातवीपर्यंत गेलो, पुढचं लिहिणं-वाचणं माझं मी शिकलो. भाषा कुठे खरखरीत लागली तर लागू दे.

सातव्या क्रमांकावरची बाई ही माझ्या थोरल्या भावाची बायको. वय त्रेपन्न. तुमच्याच प्रशिक्षण केंद्रात, दिवे आणि शेडच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर त्यांनी एकोणीस वर्षं शिकवलं. कागदावर पद ‘मदतनीस’. शिकवायला नेमलेले सर बदलत गेले, चार झाले, वहिनी तिथेच. नव्या सरांना मुली पहिल्या दिवशी विचारायच्या, ‘सर, बाई कुठे आहेत?’ यंदा नियम निघाला की प्रमाणपत्र नसलेल्या माणसाने विद्यार्थ्यांच्या टेबलाला हात लावायचा नाही. वहिनी परीक्षा पास झाल्या तर टेबल त्यांचं राहणार. नापास झाल्या तर तळघरातल्या भांडारात बदली. एकोणीस वर्षं एका बाजूला आणि पंचेचाळीस मिनिटांत जोडायचा एक दिवा दुसऱ्या बाजूला.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. टेबललॅम्प घेताना लोक शेड बघतात. कापड कुठलं, रंग कुठला, पडद्याला जातो का. ती शेड कशाच्या जोरावर उभी आहे ते कुणी बघत नाही. बल्बच्या होल्डरच्या दोन्ही बाजूंनी तारेची एक कमान निघते, बल्बला वळसा घालून वर मिळते. तिच्या शेंड्यावर आटे पाडलेला, बोटाच्या पेराएवढा खिळा असतो. शेडच्या वरच्या कड्याला आतून तीन दांड्या असतात. त्या मधोमध भोकाच्या एका चकतीत येऊन मिळतात. चकती खिळ्यात घालायची, वरून गुंडी फिरवायची, शेड बसली. कमानी सात इंचांपासून बारा इंचांपर्यंत मिळतात, दर अर्ध्या इंचाला एक. गुंड्या पितळेच्या, काचेच्या, चिनी मातीच्या.

हे सामान मी पंचवीस वर्षं विकतोय. कमानी किती विकल्या असतील देव जाणे. गिऱ्हाईक शेडची उंची सांगायचं, मी भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवायचो आणि कमान काढून द्यायचो. बारा इंचांची शेड, साडेनऊची कमान. डोळे मिटून. यात आणखी काही असेल असं मला कधी वाटलं नाही, आणि वहिनींची जी रीत होती ती मला शुद्ध वेड वाटायची.

रीत अशी की, दिव्यापाशी बसणारा माणूस बसलेला बघितल्याशिवाय त्या कमानीला हात लावत नसत. घरी दिवा जोडायला आला की दादाला खुर्चीत बसवायचं. गिऱ्हाईक उंच असेल तर दादाच्या बुडाखाली उशी, बुटकं असेल तर छोटं स्टूल.

‘अहो, ताठ बसा.’

‘ताठच बसलोय.’

‘ती बाई विणकाम करते. विणताना कुणी ताठ बसतं का? वाका.’

‘आत्ताच ताठ म्हणालीस!’

‘आधीचा दिवा वेगळा होता.’

दादा माझ्याकडे बघून म्हणायचा, ‘बघ, लग्न झाल्यापासून मी या घरात नवरा कमी आणि फूटपट्टी जास्त.’

मी म्हणायचो, ‘वहिनी, तक्ता आहे की. एवढा खटाटोप कशाला?’

‘भाऊजी, तुमचा तक्ता उभ्या माणसाचा आहे,’ त्या म्हणायच्या. ‘दुकानात दिवा उभ्याने बघतात. घरी बसून वापरतात.’

मी हसून सोडून द्यायचो. मी चाळिशीत पुस्तकं वाचायला लागलो तेव्हा त्यांनी मला एक दिवा करून दिला होता. म्हणाल्या, ‘आता उजेड वाया घालवू नका.’ त्या दिव्याखाली मी पहिल्यांदा एक अख्खं पुस्तक संपवलं. डोळे दुखले नाहीत. मला वाटलं, बल्ब चांगल्या कंपनीचा असेल. इतका मी मठ्ठ.

परीक्षेच्या दिवशी सामान आमच्या दुकानातून गेलं. काही कमी पडलं तर हाताशी असावं म्हणून मला खोलीत बसायची परवानगी होती, आणि सातव्या उमेदवाराशी माझं नातं काय हे कुणी विचारलं नाही. सात टेबलं, दिव्यांच्या सात सारख्या पितळी बैठका, बारा इंचांच्या सात पांढऱ्या शेड. मध्ये एका लांब फळीवर कमानी, गुंड्या, वॉशर मापानुसार मांडलेले. भिंतीवर तक्ता, आमच्या दुकानातल्यासारखाच, फक्त काच लावलेला. तुमचं टेबल समोर. जोडलेला प्रत्येक दिवा शेवटी त्या टेबलावर ठेवायचा, तुम्ही तो पेटवून तपासणार आणि तिथेच बसून गुण भरणार. हा नियम तुम्हीच वाचून दाखवलात.

घंटा झाली. सहाजण उठून फळीकडे गेले. वहिनी उठून तुमच्याकडे आल्या.

‘साहेब, या दिव्यापाशी बसणार कोण?’

तुम्ही वर बघितलंत. ‘कोण म्हणजे? कुणी नाही. हा नमुना आहे.’

‘मग कमान कुणाच्या मापाची घेऊ?’

‘शेडच्या मापाची. तक्ता लावलाय भिंतीवर.’

‘शेड वाचत नाही ना, साहेब.’

मागे कुणीतरी फस्सकन हसलं. तुमचे कान लाल झाले.

‘दिवा तुमच्या टेबलावर ठेवणार, म्हणजे त्याच्यापाशी तुम्हीच बसणार,’ वहिनी म्हणाल्या. ‘तर जरा बसता का?’

‘मी परीक्षक आहे, बाई.’

‘परीक्षक बसत नाहीत का?’

‘तुमची दोन मिनिटं गेली,’ असं म्हणून तुम्ही उभेच राहिलात, हाताची घडी घालून. वहिनी परत गेल्या. बैठक पुसली, होल्डर घट्ट केला, वायर नीट केली. पण फळीकडे काही जाईनात. इतरांच्या कमानी बसून शेडसुद्धा चढल्या. बाई, तक्त्यातलं बघा आणि साडेनऊची घ्या, मी मनातल्या मनात ओरडत होतो. आजच्या दिवस तुमचं वेड बाजूला ठेवा!

मग त्या पुन्हा उठल्या. हातात हजेरीचा कागद.

‘साहेब, माझी सही या रकान्यात करायची की त्या? अक्षर बारीक आहे, मला दिसत नाही.’

तुम्ही वैतागून कागद घेतलात आणि तो वाचायला खुर्चीत बसलात. फार तर अर्धं मिनिट. तुम्ही रकाना शोधत होता आणि वहिनी तुम्हाला बघत होत्या. शिंपी बघतो तसं. माझ्या शेजारच्या टेबलावरचा टकलू उमेदवार पुटपुटला, ‘बाई, दिवा जोडायचाय, साहेबांचा कोट शिवायचा नाही.’

ही युक्ती माझ्या ओळखीची होती. बारा वर्षांपूर्वी, मला दिवा द्यायच्या आधी, वहिनी दारात आल्या होत्या आणि कुठल्याशा पार्सलच्या पावतीवर माझी सही हवी म्हणाल्या होत्या. मी टेबलाशी बसलो, पावती वाचली, सही केली. त्या पावतीचं पुढे काय झालं हे मी कधी विचारलं नाही.

आता मीही तुमच्याकडे नीट बघितलं. वहिनींनी काय बघितलं असेल ते शोधत होतो. तुम्ही उंच आहात, पण बसलात की पाठीतून खचता आणि डोकं खांद्यांत जातं. चष्मा दुहेरी काचेचा. बारीक अक्षर खालच्या काचेतून वाचावं लागतं, त्यामुळे नजर खाली असली तरी हनुवटी वर उचललेली. काचा जाड. खोलीतली ट्यूबलाइट त्या काचांत दोन पांढऱ्या काड्यांसारखी दिसत होती.

एवढंच. अर्ध्या मिनिटात एवढं सगळं.

वहिनी फळीकडे गेल्या. आता मात्र त्यांचा हात कुठे अडला नाही. साडेनऊची कमान ओलांडून, नऊची ओलांडून साडेआठची उचलली. पाय होल्डरखालच्या पट्टीत रोवले, अंगठ्याने दाबून डुलते का ते बघितलं. कमान बुटकी घेतली की बल्ब वरच्या दांड्यांच्या जवळ जातो, तापतो. म्हणून शेड घालण्याआधी आपली दोन बोटं बल्ब आणि कमानीच्या शेंड्याच्या मध्ये आडवी धरली. बोटं जेमतेम मावली. मग त्यांनी तो बल्ब काढला, फळीवरून बुटका गोल बल्ब आणला आणि पुन्हा बोटं धरली. आता तीन मावत होती.

शेड चढवली आणि सावकाश एक फेरा फिरवली. खिडकीच्या चौकटीवर एक डोळा. एका बाजूला शेडची कड दोऱ्याएवढी वर जात होती. शेड उतरवली, आतली एक दांडी अंगठ्याखाली धरून किंचित दाबली, परत चढवली, परत फेरा. कड आता चौकटीला समांतर फिरली. कापडाची शिवण बसणाऱ्याच्या समोर येणार नाही अशी मागे वळवली.

राहिली गुंडी. बाकीच्या सहाजणांनी पितळेच्या घेतल्या होत्या, कारण बैठक पितळी. वहिनी गुंड्यांच्या खणात चाचपडत राहिल्या. शेवटी एक काळपट लाकडी गुंडी बाहेर निघाली, एका बाजूला टवका उडालेली. परीक्षेच्या सामानात लाकडी गुंडी नव्हतीच. दुसऱ्या कुठल्या खोक्यातली ती माझ्याच हातून चुकून पडली असणार. वहिनींनी ती तळहातावर घेऊन ट्यूबलाइटकडे धरली, मग तुमच्या चष्म्याकडे एक नजर टाकली, आणि मला कळलं. पितळ चमकतं. डोक्यावरच्या ट्यूबचा उजेड गुंडीवर पडून तुमच्या जाड काचांत टोचला असता. चूक माझी होती, आणि अख्ख्या खोलीत त्या चुकीचा उपयोग एकाच माणसाला ठाऊक होता.

पातळ वॉशर, त्यावर गुंडी, दोन बोटांनी तीन फेरे. पकड वापरली नाही. चौथा फेरा अर्ध्यावर सोडला. त्यांचं काम संपलं तेव्हा सहा मिनिटं उरली होती.

दिवा टेबलावर उभा होता आणि, खरं सांगतो, वाईट दिसत होता. शेड एक इंच खाली आलेली, बैठकीची पितळी मान गिळून टाकलेली. माकडटोपी कानांवर ओढून घेतलेल्या माणसासारखा. वर ते टवका उडालेलं लाकूड. इतर सहा दिवे दुकानाच्या काचेत ठेवण्यासारखे. वहिनी गेल्या, मी मनात म्हटलं.

पडदे ओढले. तुम्ही एकेक दिवा टेबलावर घेऊन पेटवू लागलात. आता मी जे सांगतो ते नाकारून दाखवा. पहिला दिवा लावलात, खुर्चीत बसलात, गुणपत्रिका पुढे ओढलीत, आणि तुमचा डावा हात आपोआप कपाळाशी गेला. उन्हात बघताना धरतो तसा आडोसा. दुसऱ्या दिव्यालाही तेच. तिसऱ्याला तुम्ही दिवा लांब सरकवलात, मग कागदावर उजेड पुरेना म्हणून परत जवळ ओढलात. सहाच्या सहा वेळा डावा हात वर गेला. तुम्हाला पत्ता नव्हता. मी मोजत होतो.

मग सातवा.

बटण दाबलंत. बसलात. गुणपत्रिका पुढे ओढलीत. डावा हात टेबलावरच राहिला.

मी वाट बघत होतो. हात वर जाईना. कपाळावरची आठी, जी सकाळपासून तिथे होती, ती उलगडली. हनुवटी वर, नजर खाली, तुम्ही वाचायला लागलात. गुणपत्रिकेवरच्या सूचना, ज्या तुम्हाला पाठ असणार, त्या तुम्ही वरून खालपर्यंत वाचल्यात. मग कागद उलटून मागची बाजू वाचलीत. मागे काही नव्हतं, छापखान्याचं नाव असेल फार तर. तेही वाचलंत. खोलीत कुणी हलत नव्हतं. शाळेतून घरी आलेला मुलगा पुस्तकात बुडून जेवायचं विसरतो, तसं तुमचं तोंड दिसत होतं. मी तुम्हाला पंधरा वर्षं येता-जाता बघतोय, साहेब. ते तोंड मी आधी कधी बघितलं नव्हतं.

माझ्या मांडीवरच्या खोक्यातून एक वॉशर निसटला आणि घरंगळत तुमच्या टेबलाशी गेला. मी तो उचलायला गुडघ्यांवर बसलो, मान वर केली, आणि माझे डोळे तुमच्या डोळ्यांच्या उंचीला आले.

दिवा नाहीसा झाला होता.

दुसरं कसं सांगू? उभ्याने जो ठेंगणा, बेढब दिसत होता तो त्या उंचीवरून दिसेचना. बल्ब नाही, होल्डर नाही, चमकणारं काही नाही. शेडची खालची कड डोळ्यांच्या रेषेत येऊन थांबली होती, त्याच्यावर नुसता मऊ अंधुक पांढरेपणा. आणि खाली कागद. प्रत्येक अक्षर आपापल्या जागी. तुमच्या हातावरची शीर, नखाखालची शाईची रेघ, कागदाचा रवा. उजेड कुठून येतोय ते कळत नव्हतं. जणू कागदाला आपणहून उजाडलं होतं. मी वॉशर शोधायचा विसरून तिथेच बसून राहिलो. एका इंचात हे? पंचवीस वर्षं मी हा इंच पुड्यात बांधून विकला आणि त्याच्या आत काय आहे ते मला ठाऊक नव्हतं.

टकलू उमेदवार माझ्या मागे येऊन वाकला होता. ‘आयला,’ तो हळूच म्हणाला. त्याचा स्वतःचा दिवा बाजूला झगझगत होता.

वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या दिव्याकडे बघतच नव्हत्या. तुमच्या मानेकडे बघत होत्या.

मग तुम्ही भानावर आलात. उठलात. उभ्याने दिवा बघितलात, आणि तक्ता आठवला. पट्टी काढून मापलंत.

‘साडेआठ?’

‘हो,’ वहिनी म्हणाल्या.

‘तक्त्याप्रमाणे साडेनऊ.’

‘हो.’

‘बैठकीची मान झाकली गेली. गुंडी बैठकीला जुळत नाही.’

‘तुम्हाला वाचता आलं का, साहेब?’

तुम्ही उत्तर दिलं नाहीत. ती पहिली वेळ. त्याच दिव्याखाली पुन्हा बसलात, डावा हात टेबलावर ठेवून, आणि त्याच्याच उजेडात ते वाक्य लिहिलंत. एवढं स्वच्छ खोटं मी दुसरीकडे कुठे लिहिलेलं बघितलं नाही.

निकाल लागला. वहिनी घरी आल्या, दप्तर खुंटीला अडकवलं आणि म्हणाल्या, ‘बरं झालं, भांडारात थंडगार असतं.’ दादा त्यांच्या समोर खुर्चीत जाऊन बसला, न सांगता, ताठ. त्याला तेवढंच सुचलं. वहिनींनी त्याच्याकडे बघितलं आणि मग पदर तोंडावर घेतला.

आता दुसरी गोष्ट. परीक्षा झाली की सातही दिवे सुटे करून सामान आमच्या दुकानात परत येतं. यंदा सहाच परत आले. मी खोका दोनदा तपासला. एक बैठक, एक शेड, साडेआठची एक कमान कमी. लाकडी गुंडी तर यादीतच नव्हती. तुमच्या कारकुनाने चिठ्ठी पाठवली: ‘सातवा नमुना निकामी ठरल्याने मोडीत काढला.’ मी चिठ्ठी फायलीला लावली. वहिनींना सांगितलं नाही. त्यांचं काम भंगारात गेलं हे त्यांना कशाला सांगायचं?

पण अर्ज तुमच्या हातात द्यायचा असं मी ठरवलं. सकाळी साडेदहाला तुमच्या कार्यालयात आलो, बाकावर बसलो, बारा वाजता शिपायाने आत सोडलं. पडदे ओढलेले होते. तुम्ही खचून बसला होता, हनुवटी वर, नजर खाली, पुढे एक जाडजूड फाईल. आणि तुमच्या उजव्या बाजूला, कानांवर टोपी ओढून, डोक्यावर टवक्याची लाकडी गुंडी मिरवत, ‘मोडीत काढलेला’ नमुना जळत होता.

मी दारातच उभा राहिलो. संतापाने काही सुचायला हवं होतं. पण आधी माझी नजर तुमच्या डाव्या हातावर गेली. तो टेबलावर होता. निवांत. फायलीच्या पुढे आणखी चार फायली, वाचून उलट्या ठेवलेल्या.

‘काय आहे?’ तुम्ही मान न उचलता विचारलंत.

‘अर्ज आहे. सातव्या क्रमांकाच्या निकालाबद्दल.’

आता तुम्ही वर बघितलंत. मला, मग दिव्याला, मग परत मला. आपण दोघेही काही क्षण त्या लाकडी गुंडीकडे बघत होतो.

‘ठेवा. उत्तर मिळेल,’ तुम्ही म्हणालात.

‘साहेब, हा दिवा...’

‘उत्तर मिळेल म्हटलं ना.’

बाहेर येताना शिपाई म्हणाला, ‘फार जीव आहे साहेबांचा त्या दिव्यावर. झाडणाऱ्या बाईला हातसुद्धा लावू देत नाहीत. आधी दर दोन तासांनी डोकं धरून बसायचे.’

हे मात्र मी वहिनींना सांगितलं. तळघरात गेलो. त्या वॉशर मापानुसार निवडत बसल्या होत्या. वरच्या मजल्यावरून नव्या सरांचा आवाज येत होता, ‘बारा इंचांची शेड, किती?’ आणि मुली एका सुरात, ‘साडेनऊ!’

मला वाटलं त्या रडतील, चिडतील. त्यांनी हातातले वॉशर खाली ठेवले.

‘त्यांच्याच टेबलावर आहे?’

‘हो.’

‘उजव्या बाजूला?’

‘हो.’

‘मान कशी होती? अवघडलेली?’

‘नाही.’

‘हात धरत होते का डोळ्यांवर?’

‘नाही, वहिनी.’

‘डोकं दुखायचं राहिलं म्हणाला शिपाई?’

‘तसंच म्हणाला.’

त्या हसल्या. त्या तळघरात, चाळीस वॅटच्या उघड्या बल्बखाली, बाई पोर हसावं तशा हसल्या. ‘मग बसला म्हणायचा,’ त्या म्हणाल्या. ‘भाऊजी, अर्ध्या मिनिटात बघितलं होतं हो मी त्यांना. मला भीती होती, इंच जास्त होतोय की काय.’

ज्या माणसाने तिला या खड्ड्यात आणून बसवलं त्याची मान दुखत नाही म्हणून ही बाई आनंदाने हसत होती, आणि त्या हसण्यात लाचारी औषधालाही नव्हती. वैद्याने नाडी बरोबर ओळखली की तो असा हसत असेल. मी तिथे एका खोक्यावर बसून राहिलो. इतकं मोठं काही मी माझ्याच घरात वाढलेलं बघितलं आणि त्याला वेड म्हणत आलो.

‘मी लिहिणार आहे. सगळ्यांसमोर,’ शेवटी म्हटलं.

‘लिहा. पण दिवा परत मागू नका. त्यांना वाचायला लागतं.’

तेव्हा दिवा ठेवा, साहेब. तो तुमचाच आहे, तुमच्याच मापाचा आहे, दुसऱ्या कुणाच्या कामाचा नाही. मी दिवा मागत नाही. हे वाचून लाजेने तो कपाटात टाकू नका, नाहीतर वहिनी माझ्याशी बोलणार नाहीत.

फक्त एक करा. उद्या सकाळी कामाला बसण्याआधी ती गुंडी फिरवून काढा. साडेआठची कमान काढा आणि तुमच्या तक्त्यातली, बरोबर असलेली, साडेनऊची कमान लावा. वर पितळी गुंडी बसवा. दोन्ही वस्तू या पत्रासोबत पाठवतो आहे. मग एक दिवस, फक्त एक दिवस, त्याच्याखाली फायली वाचा.

ते जमणार नसेल तर एवढंच सांगा: जी कमान चुकीची आहे असं तुम्ही सहीनिशी लिहिलंत, ती तीन महिने तुमच्या टेबलावर का आहे? पोच नको. उत्तर द्या.